ज्वारीच्या ताटाची बैलगाडी, आणि घरातल्या वस्तूंची आणखी दोन खेळणी

खानदेशात फाल्गुनाच्या सुमारास दादर ज्वारीची कापणी आणि मळणी उरकली, की खळ्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या जातात. लहान मुलांच्या खेळण्यांसाठी यापेक्षा चांगले साहित्य दुकानात मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्वारीच्या ताटाला, म्हणजे खोडाला, बाहेरून कडक, चिवट साल असते आणि आत पांढरे, हलके भेंड असते. सालीची काडी भेंडात टोचली की ती घट्ट बसते, त्यामुळे डिंक किंवा खिळा न वापरता पूर्ण बैलगाडी उभी राहते, आणि मोडली तरी मूल ती स्वतःच्या हाताने पुन्हा जोडू शकते.

ताटे अंगठ्याएवढी जाड आणि पूर्ण वाळलेली निवडावीत, कारण ओलसर भेंड वाळताना आक्रसते आणि सांधे ढिले पडतात. खोडकिडीने आतून पोखरलेली, लाल पडलेली ताटे बाजूला काढावीत. ताटावरच्या कठीण गाठी कापून टाकाव्यात आणि दोन गाठींमधला सरळ तुकडा घ्यावा. साल सोलण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे. तिची कड पात्यासारखी धारदार असते आणि बोटाला लागल्यावरच तिचा अंदाज येतो. एका टोकाला चाकूने चीर देऊन सुमारे ४ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने ओढून काढाव्यात आणि त्यांच्या कडा मुलांच्या हाती देण्यापूर्वी चाकूच्या पाठीने घासून बोथट कराव्यात.

गाडीसाठी भेंडाचे ८ सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे एकमेकांना समांतर, ५ सेंटिमीटर अंतरावर ठेवावेत आणि सालीच्या तीन-चार काड्या आडव्या टोचून ते शिडीसारखे जोडावेत. दोन्ही तुकड्यांच्या मधोमध खराट्याची जाड काडी आरपार घालावी. हीच गाडीची आस. चाकांसाठी बरणीची सारख्या मापाची दोन झाकणे घेऊन त्यांच्या बरोबर मध्यावर तापवलेल्या दाभणाने भोक पाडावे. हे भोक काडीपेक्षा किंचित मोठे असले तरच चाक मोकळे फिरते. चाक निसटू नये म्हणून काडीच्या दोन्ही टोकांना भेंडाचा लहान तुकडा खोचावा. गाडी एका बाजूला वळत असेल, तर बहुतेक वेळा भोक मध्यावर नसते किंवा आस तिरपी गेलेली असते. पुढे सालीच्या दोन लांब पट्ट्यांच्या दांड्या काढून त्यांच्या टोकांवर भेंडाचे जू आडवे बसवावे.

बैलांच्या बाबतीत घाई करू नये. धडासाठी ५ सेंटिमीटरचे भेंड घ्यावे, मानेसाठी लहान तुकडा तिरपा जोडावा आणि पायाच्या चार काड्या थोड्या बाहेरच्या बाजूला झुकतील अशा टोचाव्यात. पाय अगदी सरळ ठेवल्यास बैल कलंडतो. शिंगांसाठी सालीची बारीक पट्टी आधी पाण्यात भिजवावी, कारण कोरडी साल वाकवताना तुटते. शिंगे गेरूने रंगवू द्यावीत. पोळ्याला खऱ्या बैलांची शिंगे रंगवताना पाहिलेले मूल या कामात तासभर रमते.

दुसरे खेळणे म्हणजे भिंगरी, आणि तिला पाच मिनिटे पुरतात. जाड पुठ्ठ्याची ६ सेंटिमीटर व्यासाची चकती कापून मध्याच्या दोन्ही बाजूंना, मध्यापासून सारख्या अंतरावर, दोन भोके पाडावीत आणि त्यांतून सुमारे मीटरभर मजबूत दोरा ओवून गाठ मारावी. दोऱ्याची दोन्ही टोके बोटांत अडकवून चकतीला पीळ द्यावा. दोरा ताणला की पीळ उलगडतो, चकती वेगाने फिरते आणि हात सैल सोडताच त्याच वेगाच्या जोरावर उलट दिशेने पुन्हा पीळ भरते. याच तत्त्वावर मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात कागदाचे हातयंत्र बनवले आणि २०१७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. ते मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत पोचते आणि विजेशिवाय रक्तातील घटक वेगळे करते. वयाने मोठ्या मुलांना हे अवश्य सांगावे. खेळताना चकती चेहऱ्यापासून दूर धरावी.

तीन वर्षांखालील मुलांना मात्र झाकणे, काड्या आणि दोरा यांपैकी काहीही देऊ नये. त्यांच्यासाठी जुन्या सुती लुगड्याचा चेंडू शिवावा. आत कापूस भरताना सरकी पूर्ण काढून टाकावी. ती राहिल्यास किडे लागतात. टाके दुहेरी दोऱ्याने जवळजवळ घालावेत, गाठ आतल्या बाजूला घ्यावी आणि वर गुंडी किंवा मणी लावू नये. मूल चेंडू तोंडात घालणारच, म्हणून तो आठवड्याला साबणाने धुऊन कडक उन्हात आतपर्यंत वाळवावा आणि प्रत्येक वेळी टाके ओढून पाहावेत.