छोट्या कॅबिनेटसाठी ग्राफिक्स कार्ड घेताय? या चुका टाळा

कंपन्यांनी काही वर्षं वापरून काढून टाकलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर असे स्लिम डेस्कटॉप रिफर्बिश्ड बाजारात स्वस्तात मिळतात. त्यात एक ग्राफिक्स कार्ड टाकलं की झाला गेमिंग पीसी, असा बहुतेकांचा हिशेब असतो. हिशेब ठीक आहे, क्रम उलटा आहे. आधी व्हिडिओ बघून कार्ड ठरतं, ते घरी येतं आणि मग पहिल्यांदा कॅबिनेट उघडलं जातं. छोट्या मशीनमध्ये कार्डाची निवड फूटपट्टी आणि एसएमपीएसवरचं (वीजपुरवठ्याच्या डब्यावरचं) लेबल करतं. एफपीएसचा (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमचा) नंबर त्यानंतर. (तळहातावर मावणारे ‘मायक्रो’ किंवा ‘टायनी’ डबे यात धरू नका. त्यातल्या बहुतेकांत कार्डाचा स्लॉटच नसतो.)

फक्त लांबी मोजणं

‘मिनी’ किंवा ‘आयटीएक्स’ नावाचं कार्ड लांबीला आखूड असतं, उंचीला नाही. स्लिम कॅबिनेटला लागतं ते ‘लो-प्रोफाइल’. पूर्ण उंचीच्या कार्डाची मागची पट्टी सुमारे १२० मिमी असते, लो-प्रोफाइलची ७९ मिमी, आणि खुद्द कार्डाची उंची ६९ मिमीच्या आत. कार्ड सेकंडहँड घेत असाल तर छोटी पट्टी सोबत आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. नव्या कार्डाच्या खोक्यात ती बहुधा असते, जुन्यासोबत हमखास हरवलेली असते. पट्टीशिवाय कार्ड चालतं खरं, पण एचडीएमआयची वायर ओढली गेली की स्लॉटमध्ये तिरकं होतं.

मग जाडी. दोन स्लॉटमधलं अंतर २० मिमीच्या आसपास असतं. काही मॉडेलांत एक्स१६ स्लॉट (कार्डाचा मुख्य स्लॉट, डेटाच्या सोळा वाटांचा म्हणजे लेनचा) नेमका एसएमपीएसला खेटून असतो, तिथे दोन स्लॉट जाडीचं कार्ड बसतच नाही. शेजारचा तेवढाच लांब दिसणारा स्लॉट पुष्कळदा आतून फक्त एक्स४, म्हणजे चारच लेनचा असतो. हार्ड डिस्कचा ट्रे आणि साटाच्या (डिस्क जोडणाऱ्या) वायरीही आड येतात. सोपा उपाय: ६९ बाय १८० मिमीचा पुठ्ठा कापा, स्लॉटवर उभा धरा आणि ट्रे बसवून झाकण लावून बघा.

‘७५ वॅटचं कार्ड, म्हणजे चालणारच’

पीसीआयई (बोर्डाला कार्ड जोडण्याची पद्धत) एक्स१६ स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, पण ती स्लॉटची मर्यादा झाली. एसएमपीएसला तेवढं झेपतं का, हा वेगळा प्रश्न. ऑप्टिप्लेक्स ७०१० स्लिमच्या २०१२ च्या मॉडेलला २४० वॅटचा एसएमपीएस आहे, नंतरच्या ७०५० ला १८० वॅटचा. म्हणजे नवं मशीन इथे जास्त तंग. ६५ वॅटचा प्रोसेसर, ७५ वॅटचं कार्ड, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखा मिळून ३०-३५. १८० ला भिडलोच, आणि प्रोसेसर टर्बोमध्ये (थोडा वेळ वेग वाढवताना) ६५ च्या वरही जातो. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये स्लॉटसाठी ७५ पेक्षा कमी मर्यादा देतात, तीही बघून घ्या.

एसएमपीएस बदलायचा म्हटलं, तर या मशीनचे आकार आणि बोर्डाचे कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असतात. दुकानातला साधा एटीएक्स बसत नाही. मग सुचतो तो साटा-टू-सिक्स-पिन कन्व्हर्टरचा जुगाड, म्हणजे डिस्कच्या पॉवर वायरीतून कार्डाच्या सहा पिनांच्या जादा पॉवर प्लगला वीज देणं. तो करू नका. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट. सिक्स-पिन मागू शकतो ७५. फरक प्लॅस्टिक वितळण्यात निघतो.

नाव वाचणं, तपशील न वाचणं

आरटीएक्स ३०५० हे नाव दोन वेगळ्या कार्डांना आहे. ६ जीबीचं कार्ड ७० वॅटमध्ये, वेगळ्या वायरीशिवाय चालतं. ८ जीबीचं १३० वॅट मागतं. आज २०० वॅटच्या वरचा एसएमपीएस आणि दोन स्लॉटची जागा असेल, तर ६ जीबीचं लो-प्रोफाइल ३०५० घ्यावं. जागा एकाच स्लॉटची असेल, तर एनव्हिडिया टी६०० (४० वॅट) किंवा टी१००० (५० वॅट). १८० वॅटवालेही हेच बघा. या दोन्हींना मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, कन्व्हर्टरचे पैसे धरा.

जीटी १०३० मध्ये तर फसवणूकच आहे. जीडीडीआर५ मेमरीवाल्याची बँडविड्थ (मेमरीचा वेग) ४८ जीबी प्रतिसेकंद, डीडीआर४ वाल्याची जेमतेम १७. नाव तेच. गेमसाठी आता दोन्ही सोडा. पास्कल पिढीसाठी, म्हणजे १०३० आणि १०५० टीआयसाठी, नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आहेत.

एएमडीची आरएक्स ६४०० कागदावर छान: ५३ वॅट, एका स्लॉटचीही मिळते. पण ती पीसीआयई ४.० च्या चारच लेन वापरते. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या मशीनवर पीसीआयई ३.०, म्हणजे वाट निम्मी. ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. व्हिडिओ एन्कोडरही (स्ट्रीमिंगसाठी व्हिडिओ छोटा करणारा भाग) नाही, त्यामुळे स्ट्रीमिंग करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. इंटेल आर्क ए३१० किंवा ए३८० ला गेमसाठी रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि जुन्या ऑफिस मशीनच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) तो नसतो.

कार्ड बसवलं, स्क्रीन काळी

पहिली गोष्ट लाजिरवाणी, पण सर्वांत जास्त वेळा हीच निघते: मॉनिटरची वायर बोर्डाच्याच पोर्टला राहिलेली असते. पुष्कळ बायोस कार्ड दिसताच आतलं ग्राफिक्स बंद करतात. मॉनिटर व्हीजीएचा असेल, तर कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लावा.

तरी काळीच? कार्ड काढा, आतल्या ग्राफिक्सवर मशीन सुरू करून बायोस अपडेट करा आणि बूट मोड यूईएफआय (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) करा. मात्र विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल, तर मोड बदलताच ते बूट होणार नाही. आधी बॅकअप घ्या आणि डिस्क एमबीआरची (विभागणीच्या जुन्या पद्धतीची) जीपीटी (नव्या पद्धतीची) करा. विंडोज १० मध्ये त्याची सोय आहे.

गेममध्ये पाच-दहा मिनिटांनी मशीन निळी स्क्रीन न दाखवता थेट रीस्टार्ट होत असेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर. इव्हेंट व्ह्यूअरमधलं (विंडोजच्या नोंदवहीतलं) ‘कर्नल-पॉवर ४१’ फक्त मशीन नीट बंद न होता रीस्टार्ट झाल्याचं सांगतं, कारण नाही. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग आणि वीज बदलणाऱ्या ॲपमध्ये) पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून तोच गेम खेळा. रीस्टार्ट थांबला, तर दोष ड्रायव्हरचा नाही.

आयटीएक्स कॅबिनेटमध्ये रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून लांब बसवणारी वायर) असेल आणि चित्र मधूनच जात असेल, तर बायोसमध्ये स्लॉट जेन ३ (पीसीआयई ३.०) वर सक्तीने लावून बघा. जुनी ३.० ची केबल ४.० च्या कार्डाला पुरत नाही.

झाकण उघडं ठेवून चाचणी

उघड्या कॅबिनेटमध्ये सगळीच कार्डं थंड राहतात. चाचणी झाकण लावून, अर्धा तास, घरातल्या नेहमीच्या खोलीत करा. नागपूरच्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल, तर डिसेंबरातल्या आकड्यांत १२-१५ अंश धरूनच चाला.

त्याच वेळी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं ॲप) उघडा. बनावट कार्डाच्या नावामागे ते ‘फेक’ लिहितं. जुन्या चिपवर १०५० टीआयचं नाव चढवलेली कार्डं यात सापडतात. बस इंटरफेसची ओळही बघा. रिकाम्या वेळी तिथे पीसीआयईची आवृत्ती १.१ दिसेल, घाबरू नका, कार्ड वीज वाचवत असतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट लावा आणि मग दिसणारा आकडा घ्या. एक्स१६ च्या कार्डाला तेव्हाही एक्स४ दिसलं, तर ते चुकीच्या स्लॉटमध्ये बसलेलं आहे.