सोलापूरहून लंडन: अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-लंडन अंतर मोजू नका. सपाट नकाशावर उत्तरेकडचे देश ताणले जातात. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. सर्वांत जवळचा हवाई मार्ग तोच.

नेमका आकडा मोबाइलवर निघतो. कॅल्क्युलेटर आडवा धरला की साइन-कोसाइनची बटणं दिसतात. कोन अंशांवर ठेवा, रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) राहिला तर उत्तर भलतंच येतं.

आधी अक्षांश-रेखांश लिहा. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.२५५८. मग दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या अंतराच्या, म्हणजे ७३.३२ अंशांच्या, कोसाइनने गुणा: ०.१६९०. बेरीज ०.४२४८. तिचा उलटा कोसाइन (cos⁻¹ चं बटण) ६४.८६ अंश. एका अंशाला १११.२ किमी, म्हणून अंतर सुमारे ७,२१० किमी.

एक पूर्व आणि एक पश्चिम असेल तर रेखांशांची बेरीज करायची. लंडनला इथे चूक झाली तरी फारसा फरक पडत नाही, पण न्यूयॉर्कला (४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम) वजाबाकी केली तर १२,५३० ऐवजी जेमतेम २,४०० किमी येतात! बेरीज १८० च्या वर गेली तर ३६० मधून वजा करा.

आता वेळ. ताशी ९०० किमीने आठ तास, त्यात धावपट्टी, चढण-उतरण यांचा अर्धा तास. पण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात अधिकच. शिवाय विमान अगदी दोऱ्यासारखं सरळ जात नाही. म्हणून जाताना साडेनऊ-दहा तास धरा, येताना पावणेनऊ-नऊ. बंद आकाशाचा वळसा वेगळा: पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली, तसं झालं की मार्ग लांबतो.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ ला निघून पावणेदहा तासांनी उतरलात तर तिथे संध्याकाळचे सव्वासहा वाजलेले असतील. सव्वाचार तासांचाच प्रवास आहे असं समजू नका.

सोलापूर-मुंबई रेल्वेने ४५५ किमी. दुपारच्या विमानासाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची, मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी सकाळची वंदे भारत. दादरहून विमानतळाला एक तास आणि उड्डाणाआधी तीन तास राखून ठेवा. गाडीच्या उशिराला आणखी दोन तास. जुलै-ऑगस्टमध्ये खंडाळ्याच्या घाटात दरड पडली की गाड्या अडकतात, तेव्हा आदल्या दिवशीच मुंबई गाठा.