बंदरातून माल गहाळ झाला तर आधी जबाबदारी कोणाची ते ठरवा

माल कमी भरला की बहुतेक जण थेट बंदर प्राधिकरणाला नोटीस धाडतात आणि इथेच चूक होते. नुकसान नेमके कोणाच्या ताब्यात असताना झाले, यावर सगळे ठरते. हेग-विस्बी नियमांनुसार (समुद्री मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम) जहाज कंपनीची जबाबदारी माल चढवण्यापासून उतरवण्यापर्यंत असते. त्यानंतर यार्डात किंवा शेडमध्ये गहाळ झालेल्या मालासाठी ताबा घेणारे बंदर किंवा टर्मिनल चालक उत्तरदायी ठरू शकतात.

म्हणून उतरवतानाची टॅली शीट (मालाच्या मोजणीची नोंद), कंटेनरची गेट पावती आणि सील क्रमांक एकमेकांशी ताडून पाहा. उतरवताना सील शाबूत आणि गेटवर तुटलेले, तर संशयाचे बोट बंदराकडे वळते. इंग्लिश कायद्याच्या परंपरेत एकदा ताबा सिद्ध झाला की वाजवी काळजी घेतल्याचे दाखवणे बंदराचे काम. त्यामुळे ताबा दाखवणारा कागद हाच खरा जीव; शेरा न मारता ‘माल मिळाला’ अशी सही कधीच करू नका. नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरलाही सील तोडण्याआधीच बोलवा.

वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना जहाज कंपनीला 3 दिवसांत द्या. दाव्याची मुदत 1 वर्ष. बंदराची मुदत मात्र स्थानिक कायद्याने ठरते आणि ती बरीच कमी असू शकते, तेव्हा दोघांनाही एकाच दिवशी पत्र पाठवा. बिल ऑफ लेडिंगमधील (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) ‘हिमालय कलम’ही वाचा: त्यामुळे कंपनीची भरपाई-मर्यादा टर्मिनललाही मिळू शकते.