डीएमए मास्क: ६४ लिहिण्याआधी डेटाशीट उघडा

लिनक्स ड्रायव्हरमध्ये प्रोब (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं फंक्शन) आणि इंटरप्ट जमायला लागले की पुढची ठेच बहुतेकांना डीएमए मास्कशी लागते. डीएमए म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता डिव्हाइसने थेट रॅममध्ये वाचणं-लिहिणं. आपलं डिव्हाइस किती बिटांच्या पत्त्यापर्यंत पोचतं, हे मास्कने कर्नलला कळतं. पीसीआय डिव्हाइसबद्दल काही सांगितलं नाही, तर कर्नल ३२ बिट, म्हणजे ४ जीबी धरतो. पीसीआयच्या आधीच्या आयएसए बसवरच्या डीएमएची धाव १६ एमबीपर्यंतच. रास्पबेरी पाय ४ वरची काही डीएमए इंजिनं पहिल्या १ जीबीपुढे जात नाहीत. तेव्हा "६४ टाक, सगळे तेच टाकतात" म्हणणाऱ्या सीनियरचं बिलकूल ऐकू नका. "डेटाशीटचं कुठलं पान?" असं विचारणारा भेटला, तर त्याला सोडू नका.

रजिस्टर ६४ बिटांचं दिसतं, पण आत ३२च बिट वापरात असतील तर वरचे बिट गुपचूप गळतात. बफर ५ जीबीच्या पत्त्यावर असेल, तर डिव्हाइस १ जीबीच्या पत्त्यावर लिहितं. तिथे दुसऱ्याच कुणाचा डेटा असतो. एरर येत नाही. क्रॅश तासाभराने भलत्याच मॉड्यूलमध्ये होतो.

आणि हे तुमच्या मशीनवर दिसतच नाही! आयओएमएमयू (डिव्हाइसला दिलेले पत्ते खऱ्या फिजिकल पत्त्यांत बदलणारं हार्डवेअर) चालू असेल, तर पीसीआय डिव्हाइसला कर्नल आधी ४ जीबीखालचेच पत्ते देऊन पाहतो, मास्क ६४ असला तरी. सगळ्या टेस्ट पास. मग आयओएमएमयू बंद असलेल्या किंवा पासथ्रूवर (पत्ते न बदलता) ठेवलेल्या सर्व्हरवर खरे फिजिकल पत्ते येतात आणि बोंब होते. म्हणून निदान ८ जीबीच्या मशीनवर, आयओएमएमयू बंद करून, मोठमोठ्या फाइल्स वाचून पेज कॅश (वाचलेल्या फाइल्सची रॅममधली साठवण) भरा आणि मगच ट्रान्सफर चालवा. बिघाड दिसला तर बूट पॅरामीटरमध्ये मेम=३जी (३ जीबीपुढची रॅम वापरू नको) द्या. तो गायब झाला, तर पहिला संशय मास्कवर.

घाबरू मात्र नका. मास्क खरा दिला आणि बफर डीएमए_मॅप_सिंगलमधून नेला, तर बाकीचं कर्नल निस्तरतो: मास्कच्या सीमेपुढचा बफर एसडब्ल्यूआयओटीएलबी या खालच्या पत्त्यांवर राखलेल्या जागेत कॉपी करून देतो. ही जागा एरवी ६४ एमबीची, आणि एका मॅपिंगला जास्तीत जास्त २५६ केबी. त्यापुढे मॅपिंग फसतं, म्हणून डीएमए_मॅपिंग_एरर दर वेळी तपासा. सिंक कॉल (सीपीयू आणि डिव्हाइस आळीपाळीने बफर वापरतात तेव्हा दोन्हीकडचा डेटा जुळवणारे) विसरलात का, ते एसडब्ल्यूआयओटीएलबी=फोर्स (सगळेच बफर कॉपी कर) देऊन बूट केल्यावर लगेच कळतं.