एकच वाटण, दोन पातेली

बेलापूरच्या आमच्या घरात बुधवार, शुक्रवार, रविवारी नवऱ्याला मासे नाहीतर चिकन लागतंच, आणि मी आता शाकाहारी. दोन स्वयंपाक रोज जमत नाहीत, म्हणून वाटण एकच आणि भांडी वेगळी.

दोघांना अर्धी वाटी सुकं खोबरं, २ मध्यम कांदे, ७-८ लसूण पाकळ्या, इंचभर आलं. कांदा चांगला तपकिरी परतायचा, कच्चा राहिला तर वाटण कडवट होतं. वाटलं की निम्मं लगेच बाजूला. चिकन हळद-मीठ लावून वेगळं शिजवायचं आणि मग त्यात त्याच्या वाट्याचं वाटण.

माझ्यासाठी काळे वाटाणे: रात्रभर भिजवून कुकरला ५-६ शिट्ट्या. फसतो तो रस्सा. चिकनची चरबी आणि हाडांचा अर्क रश्श्याला दाटपणा देतो, वाटाण्यांत तो नसतो, म्हणून रस्सा पाणचट लागतो. वाटाणे शिजवलेलं पाणी ओतून द्यायचं नाही. पाव वाटी शिजलेले वाटाणे माझ्या वाट्याच्या वाटणाबरोबर मिक्सरला फिरवायचे. रस्सा छान मिळून येतो, खरंच!

तवा मात्र वेगळाच हवा. दिवाळे गावच्या बाजारातली सुरमई तळलेल्या बिडाच्या तव्यात तेल मुरतं. कितीही घासा, भाकरीला वास येतोच. डावही दोन ठेवा. वांग्यात, मेथीत सवयीने जवळा (सुकी बारीक कोळंबी) पडतो, तो आपली भाजी काढून घेतल्यावर घाला.

मांस-मासे सोडल्यावर, दूध-दही रोज असलं तरी, डॉक्टरांना विचारून बी-१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या.