रंगाचा डबा उघडण्याआधी

घरात काही बदलायचं ठरलं की आपण लगेच उत्तरांच्या मागे लागतो. रंग कोणता, सोफा कुठला, अंगणात झाड कोणतं. मीही बरीच वर्षं असंच केलं आणि त्यापायी एकच भिंत दोनदा रंगवली. आता सुरुवात वहीपासून करते. नेमकं काय खुपतंय ते एका वाक्यात लिहायचं. ‘बैठकीची खोली अंधारी वाटते’ हे लिहून त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं की कळतं, यात रंगाचा काही दोष नसेलही. खिडकीचा एक पल्ला कपाटाने झाकलेला असेल, किंवा सगळा उजेड छताच्या मधल्या एकाच दिव्यातून येत असेल.

वाक्य लिहून झालं की आठवडाभर काही विकत न आणता फक्त पाहायचं. ऊन सकाळी कुठे पडतं, दुपारी कुठे सरकतं, संध्याकाळी पहिला दिवा कोणता लागतो. पिशव्या, चपला, किल्ल्या आपोआप कुठे साठतात. ज्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग होतो तिच्याजवळ खुंट्या हव्यात. तिथे कितीही सुंदर खुर्ची आणली तरी ढीग तसाच राहतो. बागेकडे पाहायचं ते पाऊस पडत असताना आणि दुसऱ्या दिवशीही, कारण डबकं कुठे टिकून राहतं ते तेव्हाच दिसतं. शिवाय तुम्ही जिथे जास्त बसता त्या खिडकीतून एक फोटो काढून ठेवा. बाग जितकी आतून पाहिली जाते तितकी बाहेरून क्वचितच पाहिली जाते, आणि तरी आखणी मात्र बहुतेकजण फाटकात उभं राहून करतात.

यानंतर पाणी. यादीत याला मी सगळ्यात जास्त जागा देते, कारण ओल असलेल्या भिंतीवर केलेला खर्च पोपडा होऊन खाली येतो. ओल कुठल्या आकारात आहे ते नीट पाहा. जमिनीपासून साधारण एक मीटरपर्यंत चढलेला पट्टा असेल तर पाणी घराच्या पायातून वर येत असण्याची शक्यता असते. छतावर कडा उमटलेला गोल डाग दिसला तर वरचा पाइप किंवा गच्ची तपासायची. कपाटामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले असतील तर बहुधा हवाच खेळत नसते. खात्री करायला एक सोपा उपाय आहे. पारदर्शक प्लास्टिकचा हात-दीड हात चौकोन भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतलं, बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या दमट हवेचं. पहिल्यात गळती शोधायला हवी, दुसऱ्यात खिडकी उघडी ठेवून किंवा पंखा बसवूनही काम भागतं. पांढरा लोणा आला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढा. धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच शिरतात.

आणि भिंतीच्या पलीकडे जाऊन पाहायला विसरू नका. माझ्या झोपायच्या खोलीतली ओल मी दोन वर्षं आतून बुजवत होते. कारण निघालं बाहेरच्या फुलांच्या वाफ्यात. भिंतीला टेकून मीच तो केला होता आणि रोज संध्याकाळी प्रेमाने पाणी घालत होते. वाफा दोन फूट पुढे सरकवला, मातीची पातळी जोत्याच्या खाली आणली आणि भिंत हळूहळू सुकली. घराभोवतीच्या फरसबंदीला बाहेरच्या दिशेने मीटरमागे किमान २ सेंटीमीटर उतार हवा. उघड्या मातीला त्याहून जास्त असला तर चांगलंच. तो तपासायला पारदर्शक नळीत पाणी भरायचं. दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखीच राहते, त्यामुळे जमीन कुठे किती खाली आहे ते लगेच मोजता येतं.

मोजमापाला टेप, पाणसळ आणि चौकटीची वही एवढं पुरतं. मीटरला २ सेंटीमीटर असं प्रमाण धरलं की बहुतेक खोल्या एका पानावर मावतात. भिंत खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा, कारण काटकोनातली भिंत ही समजूतच असते. कोपरा काटकोनात आहे का हे पाहायला एका भिंतीवर ३ फुटांवर, दुसरीवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरायला हवं. दार कुठवर उघडतं तेही कागदावर काढा. मोठं सामान घेणार असाल तर जिन्याचं वळण आणि दाराची चौकटही मोजून ठेवा.

मग जुनी वर्तमानपत्रं काढा. नवा सोफा, टेबल, पलंग खऱ्या मापात कापून जमिनीवर पसरा आणि दोन दिवस त्यांना वळसा घालून वावरा. येण्याजाण्याच्या वाटेला सुमारे ९० सेंटीमीटर लागतात. सोफा आणि टीपॉय यांच्यात ४५ पुरतात. कागदावर हे आकडे पटतात, पण दोन दिवस चालल्यावर अंगाला कळतात. माझा अनुभव असा, की घरातली निम्मी भांडणं या वर्तमानपत्रांवरच मिटतात. भिंतीवरच्या चित्रांसाठीही हेच करा. कागदी चौकोन चिकटवा आणि चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर येतोय का पाहा. खूप जण चित्रं फार उंच टांगतात.

रंगाच्या आधी दिवे ठरवा. या क्रमाबद्दल मी हट्टी आहे. २७०० केल्विनचा बल्ब पिवळसर, उबदार उजेड देतो, ४००० चा पांढरट, आणि भिंतीवरचा तोच राखाडी रंग या दोन्हींखाली दोन वेगळे रंग वाटतो. खोक्यावर सीआरआय हा आकडा पाहा, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. ९० किंवा त्याहून जास्त असेल तर कापड, लाकूड आणि माणसांचे चेहरे स्वाभाविक दिसतात. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले पडदा आणि उशीचे अभ्रे घरी आल्यावर न जुळण्याचं कारण हेच, त्यामुळे नमुन्याचा तुकडा मागून घ्या.

रंगाचा नमुना भिंतीवर थेट लावू नका. दोन फुटी पुठ्ठ्यावर किंवा फळीवर दोन हात मारा, कडेने पांढरी पट्टी सोडा म्हणजे जुना रंग डोळ्याला फसवणार नाही, आणि ती फळी वेगवेगळ्या भिंतींना टेकवून सकाळ-संध्याकाळ पाहा. छोट्या चिठ्ठीवर फिका वाटणारा रंग चारही भिंतींवर चढला की गडद वाटतो, कारण भिंती एकमेकींवर आपापला रंग उधळतात. म्हणून दोन छटांत अडलात तर फिकी घ्या.

किती रंग लागेल याचा हिशेब अवघड नाही. ४ बाय ३ मीटरची, २.७ मीटर उंचीची खोली म्हणजे भिंतींचे जवळजवळ ३८ चौरस मीटर. दार-खिडकीचे चार वजा केले तर ३४. दोन हातांचे ६८. एक लिटर एका हाताला साधारण १० चौरस मीटर पुरतो, म्हणजे सात लिटर आणा. सगळे डबे एकाच बॅचचे घ्या आणि तरीही मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. नव्या सिमेंट प्लास्टरला चार आठवडे वाळू द्या. घर जुनं असेल तर आधीचा रंग कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक असते. अमेरिकेत घरातल्या अशा रंगावर १९७८ मध्ये बंदी आली, पण सगळीकडे ती त्याच वेळी आलेली नाही. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याला तर स्वतः भोकही पाडू नका.

कामांचा क्रम वहीत लिहूनच ठेवा: तोडफोड, पाइप, वायरी, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, फरशी, सुतारकाम, शेवटी रंग. न्हाणीघराला फरशी लावण्याआधी जमिनीवर पाणी तुंबवून किमान २४ तास ठेवा आणि खालच्या छताला डाग येतोय का ते पाहा. भिंत बुजवण्याआधी आतल्या पाइप-वायरींचे फोटो घ्या, शेजारी टेप ताणून धरा. फरशी १० टक्के जास्त आणा, तिरकी लावणार असाल तर १५. पैशांचंही तसंच, दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवल्याशिवाय भिंत फोडायला सुरुवात करू नका. शिडी वापरणार असाल तर ती जितकी उंच टेकते त्याच्या एक चतुर्थांश अंतरावर पाय रोवा.

बागेची तयारी मातीपासून. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीला एक दिवस किंवा जास्तही लागतो. मग फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाला दोन-तीन सेंटीमीटर पाणी उतरलं तर बहुतेक झाडांना चालतं. त्याहून फारच हळू उतरत असेल तर तिथे एक तर उंच वाफा करा, नाहीतर ओल सोसणारी झाडं लावा. निचरा न होणाऱ्या जागेशी झगडण्यात मी तीन झाडं गमावली.

वाफ्याचं वळण काढायला पाण्याचा पाइप जमिनीवर टाका आणि दोन दिवस खिडकीतून पाहा. झाडाच्या जागी काठी रोवून तिच्याभोवती त्याच्या पूर्ण वाढीचा घेर दोरीने आखा. हे रोप दहा वर्षांनी छपराला किंवा वायरींना भिडेल का, ते तिथेच समजतं. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गोळ्याइतकाच खोल. खोड जिथे मुळांकडे पसरतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. पालापाचोळ्याचं आच्छादन ५ ते १० सेंटीमीटर जाड घाला, पण खोडाला टेकवू नका, साल कुजते. खणण्याआधी जमिनीखालून गेलेल्या नळांची आणि वायरींची चौकशी करा.

दोन माणसांनी बोलत चालायचं असेल तर पायवाट सव्वा ते दीड मीटर रुंद हवी. पायऱ्यांचं गणित सतराव्या शतकातल्या फ्रान्स्वा ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुविशारदाचं आहे आणि ते अजून चालतं: दोनदा चढाव (पायरीची उंची) अधिक एकदा पाऊल (पाय ठेवायची रुंदी), बेरीज ६० ते ६५ सेंटीमीटर. बागेत १५ चा चढाव आणि ३४ चं पाऊल पायाला फार सुखाचं वाटतं.

आता वहीचं शेवटचं पान. रंगाचा क्रमांक आणि बॅच, फरशीचं नाव, दिव्यांचे आकडे, काम कोणी आणि कधी केलं ते सगळं तिथे लिहा. ते पान फाडून, बुजवलेल्या भिंतींच्या फोटोंसह, मीटरजवळच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. उरलेला रंग एका काचेच्या बरणीत ओतून झाकण घट्ट लावा आणि तीही त्याच कपाटात ठेवा.