गाडीत दूध सांडलं, मासळीचं पाणी गळलं: मॅटचा वास मुळातून कसा काढायचा

दूध सांडलं की बहुतेक जण मॅट काढून धुतात, वाळवतात आणि परत घालतात. चार दिवसांनी दार उघडलं की आंबट भपका येतोच. वास मॅटमध्ये थोडा आणि मॅटखालच्या कार्पेटमध्ये जास्त असतो. त्या कार्पेटखाली फेल्टचा किंवा फोमचा जाड थर असतो. दूध मॅटच्या कडेवरून ओघळून थेट तिथं मुरतं, आणि तिथं ना हवा जाते ना ऊन. त्यामुळे मॅट धुणं हे निम्मंच काम.

सांडल्या सांडल्या गाडी बाजूला घ्या. मॅट तिरपी न करता, सपाट धरून बाहेर काढा. जुना सुती पंचा चौघडी करून ओल्या जागेवर ठेवा आणि त्यावर पाय देऊन भार द्या. घासू नका, घासलं की डाग पसरतो आणि खोलवर जातो. घडीची कोरडी बाजू फिरवत राहा, पंचा ओला होईनासा होईपर्यंत. कुंद्यासारखा (बेळगावची दुधाची मिठाई) चिकट पदार्थ पडला असेल तर आधी चमच्याच्या कडेनं उचलून घ्या, पाणी नंतर.

दुधावर गरम पाणी अजिबात नको. उष्णतेनं दुधातलं प्रथिन गोठून धाग्यांना धरून बसतं. आधी गार पाणी फवारून टिपून घ्या. मग एक लिटर कोमट पाण्यात एक लहान चमचा लिक्विड डिटर्जंट घाला. पाकिटावर एन्झाइम लिहिलेलं मिळालं तर उत्तम, कारण एन्झाइम प्रथिनं तोडतात. ते बादलीनं ओतू नका, स्प्रेच्या बाटलीनं मारा. वीस मिनिटं थांबा, मऊ ब्रशनं हलकं फिरवा, टिपा. नंतर साध्या पाण्याचा फवारा आणि टिपणं, असं तीनदा तरी करा. साबण राहिला तर ती जागा चिकट होते आणि बेळगावजवळच्या खानापूरकडची लाल माती तिथंच धरते. फिनाईल वापरू नका. दुधाचा वास जात नाही आणि बंद गाडीत फिनाईलचा वास मात्र बरेच दिवस राहतो.

मासळीची गोष्ट वेगळी. गोव्याहून चोर्ला घाटातून बेळगावला येताना डिकीतल्या बांगड्यांचा बर्फ वितळतो आणि ते पाणी डिकीच्या कार्पेटमधून खाली स्टेपनीच्या खळग्यात जाऊन साचतं. वरचं कार्पेट कितीही धुतलं तरी वास हटत नाही तो यामुळेच. स्टेपनी बाहेर काढा, खळगा पुसून घ्या. तळाशी रबरी बूच असेल तर ते काढून धुतलेलं पाणी सोडून द्या आणि कोरडं झाल्यावर बूच घट्ट बसवा. मासळीचा वास अमाइन नावाच्या अल्कधर्मी रसायनांचा असतो, तो आम्लानं मरतो. म्हणून आधी गार पाणी आणि डिटर्जंट, मग एक वाटी पांढरं व्हिनेगर दोन वाट्या पाण्यात मिसळून फवारा, दहा मिनिटांनी टिपा. इथं खायचा सोडा टाकू नका, ओल्या जागेवर सोड्यानं हा वास उलट उसळतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करणंही व्यर्थ, फेस येतो आणि दोघांचाही गुण मरतो. मासळीला घरात आमसूल चालतं म्हणून कार्पेटवर आगळ (कोकमाचा रस) वापरू नका, त्याचाच डाग पडेल.

रस्सा सांडला तर हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. घाबरू नका, साबण धुऊन काढला की तो परत पिवळा होतो आणि कडक उन्हात हळूहळू फिका पडतो.

मॅटच्या प्रकारानुसार हात बदला. रबरी मॅट कशीही धुवा. जाळीच्या, गवतासारख्या मॅटमध्ये घाण तळाशी बसते, ती उलटी धरून मागून पाणी मारा. सेव्हन-डी मॅटला मात्र जपा. वर रेक्झिन आणि आत फोम, शिवणीतून पाणी शिरलं की लवकर निघत नाही. ती ओल्या फडक्यानं पुसा आणि सावलीत उभी ठेवा, कडक उन्हात कडा मुडपतात. तिच्याखाली ओल दिसत नाही म्हणून ती काढून बघणं चुकवू नका.

आता खरी कसोटी वाळवण्याची. निपाणी-चिकोडीकडे पावसाळ्यातही उघडीप मिळते, पण बेळगावात झडीच्या दिवसांत आणि खानापूर-जांबोटीकडे तर कपडेसुद्धा वाळत नाहीत. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी हळूच वर ओढून काढा, कार्पेटची कड उचला आणि खाली रिकामी पाण्याची बाटली आडवी सरकवा, म्हणजे आतून हवा खेळेल. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा; काढू नका, भिजवू नका. दाराशी टेबल फॅन लावून दोन दिवस ठेवा. फॅन शक्य नसेल तर गाडी उघड्यावर उभी करून एसी आणि हीटर एकत्र, बाहेरची हवा घेणाऱ्या बटणावर, अर्धा तास चालवा. एसी हवेतली ओल काढतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, विषारी वायू साठतो.

टिश्यू पेपर दाबून त्यावर उभं राहा. कागद कोरडा निघाला तरच कार्पेट वाळलं. त्यानंतर दुधाच्या जागेवर शंभर ग्रॅम खायचा सोडा पसरा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूमनं ओढून घ्या. ओल्यावर टाकला तर त्याची पांढरी खपली धरते. वास बरेच दिवस राहिला असेल तर एसीचा केबिन फिल्टरही बदला.

काही न सांडता पुढची डावी बाजू पुन्हा ओली होत असेल तर बहुधा एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलेली असते. ते पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं. रंगीत, चिकट, गोडसर वासाचं निघालं तर ते हीटरमधलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), गाडी मेकॅनिककडे न्या.

मॅट परत घालताना रबरावर पॉलिश लावू नका, पाय घसरतो. ड्रायव्हरची मॅट क्लिपमध्ये अडकवा, एकावर एक दोन मॅट घालू नका, आणि इंजिन सुरू करण्याआधी तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून बघा: मॅटची कड कुठं अडकत नाही ना.